परतलेल्या मेलची फाइल कोणी उघडली होती का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांत एका संस्थेच्या आजीव सभासदाची तक्रार छापून आली होती. वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना मिळाली नाही, सभा झाली हेच दहा दिवसांनी कळलं, अशी. खाली चौकटीत चिटणीसांचा खुलासा होता : 'वेबसाइटवर नोंदणी केलेल्या सर्व सभासदांना एकाच दिवशी, एकाच वेळी ई-मेल पाठवण्यात आला होता.' सभासद खोटं बोलत नसावेत आणि चिटणीसही नसावेत. पण त्या 'एकाच दिवशी, एकाच वेळी' वर माझी नजर अडकली. पत्र लांबलं तर खुशाल कात्री चालवा. मधला 'रण सभे'चा किस्सा मात्र राहू द्या.

मी एकतीस वर्षं टपालखात्याच्या रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये सॉर्टर, म्हणजे पत्रं गावांप्रमाणे वेगळी करणारा, होतो, त्यातली बरीचशी मिरजेत. निवृत्त झाल्यावर आमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थी संघाच्या बैठकीत वेबसाइटच्या सभासदांना मेल कोणी पाठवायचे हा विषय निघाला, तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही मेलमध्येच होतात की, तुम्हीच बघा." सगळे हसले आणि काम माझ्या गळ्यात पडलं. आज वेबसाइटवर ११,४०० सभासद आहेत. पुण्या-मुंबईत आहेत, तसेच डॅलसला, दुबईला आणि जतलाही आहेत.

आधीचे गृहस्थ फुकटच्या जीमेल खात्यावरून दोनशे-दोनशे पत्त्यांचे गठ्ठे पाठवत. एकदा गठ्ठा 'बीसीसी'ऐवजी 'टू'च्या रकान्यात पडला. दोनशे जणांचे पत्ते दोनशे जणांना दिसले. मग एकाने सगळ्यांना उत्तर धाडलं 'अभिनंदन', दुसऱ्याने 'कशाबद्दल?', आणि पुढचे दोन दिवस 'मला या यादीतून काढा' हे वाक्य दोनशे घरांत फिरत राहिलं. हा प्रकार जुना आहे. ३ मे १९७८ रोजी डीईसी या संगणक कंपनीच्या गॅरी थर्क यांनी अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वजावरच्या सुमारे ४०० जणांना एक जाहिरात पाठवली. घाऊक मेलचा मूळपुरुष म्हणून तीच सांगितली जाते. पत्ते इतके होते की रकान्यात मावेनात, म्हणून उरलेले थेट मजकुरात सांडले. सेहेचाळीस वर्षांनी आमच्या संघानेही तेवढंच कौशल्य दाखवलं, एवढंच.

जीमेलच्या फुकट खात्यावरून दिवसाला ५०० जणांपर्यंतच मेल जातो. ११,४०० भागिले ५०० केलं तर तेवीस दिवस होतात. आमच्या घटनेत सभेची सूचना चौदा दिवस आधी द्यावी असं लिहिलं आहे. म्हणजे पहिल्या गठ्ठ्याला सूचना आणि शेवटच्याला इतिवृत्त!

मग भाचीने वेबसाइटवरच एक छोटा प्रोग्राम लिहून दिला. बटण दाबलं की यादीतल्या पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत एकेकाला मेल. मी दाबलं. ब्राउझरचं चक्र फिरत राहिलं आणि मधेच पान पांढरं पडलं. कितीजणांना गेला, कुठे थांबला, काही पत्ता नाही. मी पुन्हा दाबलं. पुन्हा पांढरं. तिसऱ्यांदाही दाबलं, हे आता कबूल करायला हरकत नाही. यादी आडनावांच्या अकारविल्हे होती. त्यामुळे आगाशे, आठवले, आपटे मंडळींना तीन-तीन सूचना पोचल्या आणि शिंदे, साळुंखे, हजारे यांना एकही नाही. त्यात होस्टिंगवाल्याच्या, म्हणजे ज्याच्या सर्व्हरवर आमची वेबसाइट होती त्याच्या, नियमात तासाला ३०० मेलचीच मुभा होती, ती पानभर बारीक अक्षरांत. आमचं खातं त्याने दोन दिवस गोठवून ठेवलं.

त्या रात्री मला आमचं ऑफिस आठवलं. डाकेचा एक नियम असतो : थैलीबरोबर यादी जाते. काय आलं, काय गेलं, काय राहिलं, हे यादीवर उतरतं, आणि ड्यूटी बदलताना पुढचा माणूस त्या यादीवरून काम उचलतो. गाडी चार तास उशिरा आली तरी कोणतं पत्र कुठे आहे हे यादी सांगते. आमच्या प्रोग्रामला यादीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी भाचीला म्हटलं, प्रत्येक नावापुढे एक रकाना कर. त्यात तीनच शब्द : बाकी, गेला, परतला. बटण दाबलं की मेल पाठवायचाच नाही, फक्त सगळ्यांपुढे 'बाकी' लिहायचं. मग सर्व्हरवरचं घड्याळ दर पाच मिनिटांनी उठेल, 'बाकी'तले पंचवीस उचलेल, पाठवेल, पुढे 'गेला' लिहील आणि झोपेल. पाच मिनिटांना पंचवीस म्हणजे तासाला ३००. सगळे संपायला अडतीस तास. लाइट गेली, सर्व्हर बसला, तरी उठल्यावर काम तिथूनच पुढे. आपट्यांना एकच, हजाऱ्यांनाही एकच. संगणकवाले याला 'क्यू' म्हणतात. आम्ही रांग म्हणायचो.

भाचीने आणखी एक चूक दुरुस्त केली, ती मला फार आवडली. आधीचा प्रोग्राम दर मेलमागे मेल-सर्व्हरशी नव्याने जोडणी करायचा. नमस्कार-चमत्कार, ओळख पटवणं, पासवर्ड, मग एक पत्र, मग रामराम. पुन्हा पुढच्यासाठी तेच. म्हणजे पुण्याच्या एका पत्रासाठी थैली उघडायची, पत्र टाकायचं, तोंड बांधायचं, लाख वितळवून मोहोर मारायची आणि मग दुसऱ्या पत्राला नवी थैली! आता एका जोडणीत पंचवीसही जातात. तेवढ्या बदलाने पंचवीस मेलचा वेळ निम्म्याहून खाली आला.

त्यानंतर मी यादीची छाटणी केली, म्हणजे खरं तर सॉर्टिंग. सॉर्टर पत्ता खालून वाचतो. नाव कोणाचं आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. शेवटच्या ओळीतला पिनकोड बघायचा आणि खणात टाकायचं. १५ ऑगस्ट १९७२ पासून हा पिनकोड आला, तो श्रीराम भिकाजी वेलणकरांच्या डोक्यातून. आपल्या कोकणचा माणूस, डाकखात्यातला अधिकारी आणि संस्कृतातला कवी. ४१६ म्हटलं की पत्र आमच्या बाजूला वळणार. ई-मेलचा पत्ताही तसाच मागून वाचायचा, 'अ‍ॅट'च्या पुढचा भाग आधी. खण पाडले तेव्हा आठ हजारांच्या आसपास जीमेल निघाले, मग याहू, रेडिफमेल, हॉटमेल, मग कंपन्यांचे पत्ते. आणि एक खण असा, की जो बघून पोटात कालवलं : व्हीएसएनएल आणि संचारनेट या जुन्या इंटरनेट सेवांचे पत्ते, 'gmail' ऐवजी 'गमैल' आणि 'जिमिअल' अशी अक्षरं पडलेले, आणि 'कॉम'च्या जागी 'कॉन'.

खण पाडण्याचा उपयोग असा, की एखाद्या डोमेनचा, म्हणजे 'अ‍ॅट'च्या पुढच्या नावाचा, सर्व्हर 'जरा दमाने' म्हणाला तर तेवढाच खण बाजूला ठेवता येतो, बाकीची डाक अडत नाही. हे 'दमाने' म्हणणं आकड्यांत येतं. सर्व्हरच्या उत्तराचा पहिला आकडा ४ असेल तर अडचण तात्पुरती : पेटी भरली आहे, गर्दी आहे, नंतर या. ५ असेल तर कायमची : असा माणूस इथे नाही. पोस्टमन पाकिटावर 'डोअर लॉक्ड' लिहायचा ते चारचं, आणि 'लेफ्ट' किंवा 'नॉट नोन' लिहायचा ते पाचचं. ४ आला तर अर्धा तास थांबून पुन्हा जायचं आणि चार-पाच दिवस चिकाटी सोडायची नाही, असं मेलच्या मूळ नियमावलीतच सांगितलेलं आहे. ५ आला तर त्या पत्त्यावर पुन्हा पाऊल टाकायचं नाही.

बहुतेक संस्था इथेच गडबडतात. परतलेले मेल एका पेटीत साठत राहतात आणि ती पेटी कोणी उघडत नाही. पुढच्या महिन्यात त्याच मेलेल्या पत्त्यांवर पुन्हा मेल. घेणाऱ्या मोठ्या सर्व्हरांना हे दिसतं. जो माणूस महिन्यामागून महिने बंद घरांची दारं ठोठावतो, तो ओळखीचा नाही, त्याने यादी कुठून तरी उचलली आहे, असा त्यांचा हिशेब. त्यातले काही बंद पत्ते तर मुद्दाम सापळा म्हणून ठेवलेले असतात. मग शिक्षा सगळ्या डाकेला होते. जिवंत, चालू पत्त्यांवरचे मेलही स्पॅममध्ये पडायला लागतात. आपल्या दैनिकातल्या त्या सभासदाचं असंच झालं असेल तर मला नवल वाटणार नाही.

आता 'रण सभा'. पहिल्या वर्षी रांग लागली, खण लागले, मेल व्यवस्थित निघाले, आणि सकाळी सातला इस्लामपूरहून एका ज्येष्ठ सभासदाचा फोन. "अहो, ही कसली सभा बोलावलीय?" मी म्हटलं, वार्षिक. ते म्हणाले, "इथं लिहिलंय 'वार्षिक सर्वसाध', मग दोन काळे चौकोन त्यात प्रश्नचिन्हं, आणि मग 'रण सभा'. गेल्या वर्षीचा गोंधळ बघता नाव बरोबर आहे, पण छापायचं कशाला?"

'धा'चा काना फुटला होता. दोन दिवस लागले कारण सापडायला. मेलची व्यवस्था मूळची रोमन अक्षरांसाठी. आपलं देवनागरीतलं एकेक चिन्ह संगणकात तीन बाइटचं. काना वेगळा, वेलांटी वेगळी, पाय मोडायचं चिन्हही वेगळं. विषयाच्या ओळीत हे सगळं रोमन अक्षरांच्या सांकेतिक भाषेत बांधून पाठवावं लागतं आणि त्या एकेका पुडक्याला ७५ अक्षरांची मर्यादा. आवरण वजा जाता एका पुडक्यात ४५ बाइट बसतात. 'वार्षिक'चे २१, मोकळ्या जागेचा १, मग 'स-र-्-व-स-ा-ध' चे २१. झाले ४३. पुढच्या कान्याला तीन हवेत, शिल्लक दोन. आमच्या प्रोग्रामने दोन बाइट या पुडक्यात कोंबले आणि तिसरा पुढच्यात. काना मधोमध चिरला. अक्षर तोडायचं नाही, पूर्ण अक्षर मावत नसेल तर ते पुढच्या पुडक्यात न्यायचं, असा नियम आहे. इंग्रजीत एक अक्षर एका बाइटचं, त्यामुळे प्रोग्राम लिहिणाऱ्याला तो मोडल्याचं कधी कळलंच नाही. भाचीने एका जुन्या-जाणत्या लायब्ररीकडे, म्हणजे इतरांनी लिहून पारखलेल्या तयार प्रोग्रामकडे, ते काम सोपवलं आणि काना जागेवर आला. संघातले काहीजण अजून 'रण सभा'च म्हणतात.

मजकुराचंही तसंच. मेलचा मजकूर बांधायच्या दोन रीती आहेत. एका रीतीत 'सभा' हा एवढासा शब्द २७ अक्षरांचा होतो, दुसरीत १२ चा. इंग्रजी मजकुराला पहिली रीत सोयीची, मराठीला दुसरी. कोणती आहे हे बघायची तसदी आपल्याकडे फारसं कोणी घेत नाही.

जोडपत्राबद्दल थोडक्यात. आमचा वार्षिक अहवाल आठ एमबीचा. मेलला जोडला की बांधणीत एक तृतीयांश फुगतो, पावणेअकरा एमबी होतो. गुणिले ११,४००. म्हणजे १२० जीबीहून जास्त डाक, आणि ती उघडणार किती जण? अहवाल वेबसाइटवर ठेवायचा आणि मेलमध्ये दुवा द्यायचा. यावर कार्यकारिणीत एक तास चर्चा झाली, हे वेगळं सांगायला नको.

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी घाऊक मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. दिवसाला ५,००० हून जास्त मेल जीमेलच्या पत्त्यांवर गेले की तुम्ही घाऊक, आणि तो शिक्का एकदा बसला की निघत नाही. त्यांनी मागितलेल्या गोष्टी मला नव्या वाटल्या नाहीत. एसपीएफ म्हणजे आमच्या नावाने डाक कोण टाकू शकतो याची जाहीर यादी. डीकेआयएम म्हणजे थैलीवरची लाखेची मोहोर. वाटेत कोणी आतला कागद बदलला तर ती जुळत नाही. आणि डीमार्क म्हणजे मोहोर जुळली नाही तर काय करायचं याची लेखी सूचना. तिन्ही गोष्टी डोमेनच्या नोंदीत चार-दोन ओळी लिहून होतात, पैसे पडत नाहीत. अर्धा दिवस जातो, तोही टायपिंगमधली चूक शोधण्यात.

खरी कसोटी पुढे आहे. मेल मिळालेल्यांपैकी 'स्पॅम' बटण दाबणाऱ्यांचं प्रमाण ०.३ टक्क्यापर्यंत जाता कामा नये, आणि ०.१ च्या खाली राहिलं तर उत्तम. आमच्या आठ हजार जीमेलवाल्यांत ०.३ टक्के म्हणजे चोवीस जण, आणि उत्तम म्हणजे आठांच्या खाली. आठ माणसं वैतागली की उरलेल्या सगळ्यांच्या सूचनेला धोका! म्हणून ज्याला नको आहे त्याला बाहेर पडायची वाट सोपी पाहिजे. एका टिचकीत नाव कमी, आणि दोन दिवसांच्या आत, असा नियमच आहे. आमचे खजिनदार याला वर्षभर विरोध करत होते. "दार उघडं ठेवलं की सगळे पळतील." आजवर १८६ गेले. दार बंद असतं तर यातले निम्मे तरी ते स्पॅमचं बटण दाबून गेले असते. शिवाय २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही, संमती मागे घेणं ती देण्याइतकंच सोपं असावं, असं म्हटलं आहे. खजिनदार वकील आहेत, तेव्हा हे वाक्य मी त्यांच्याकडूनच मोठ्याने वाचून घेतलं.

जीमेलचे नियम कडक झाले त्याच वर्षी आम्ही होस्टिंगवरून मेल पाठवणं बंद करून पैसे देऊन अ‍ॅमेझॉनची एसईएस सेवा घेतली. हजार मेलला दहा सेंट. अख्ख्या यादीला एक सूचना द्यायला करासकट शंभर-सव्वाशे रुपये पडतात. तेच पाच रुपयांच्या टपालाने पाठवायचं तर ५७,००० रुपये, छपाई आणि पाकिटं वेगळी. पण इथेही पहिल्या दिवशी सगळी डाक ओतायची नाही. सुरुवातीला ते दिवसाला २०० च मेल पाठवू देतात, तेही ओळख पटवलेल्या पत्त्यांवर. अर्ज केला, मर्यादा वाढली, तरी मी पहिल्या दिवशी पाचशे, मग हजार, मग दोन हजार असंच गेलो. पहिले पाचशेही निवडून काढले : गेल्या सहा महिन्यांत ज्यांनी वेबसाइटवर लॉगिन केलं होतं ते. नवा पोस्टमन गल्लीत आला की आधी ओळखीच्या घरांतूनच फिरतो.

या सेवांबरोबर किती जणांनी मेल उघडला याचा तक्ता मिळतो. कार्यकारिणीला तो फार प्रिय आहे. मी त्याच्यावर विसंबत नाही. २०२१ पासून अ‍ॅपलच्या फोनवरचं मेल-अ‍ॅप, वापरणाऱ्याने तशी मुभा दिली असेल तर, मेलमधली चित्रं स्वतःच आधी उतरवून घेतं, त्यामुळे माणसाने बघितलाच नाही तरी तक्त्यात 'उघडला' असं येतं. परतलेल्यांचा आकडा तेवढा खरा.

तो आकडा पहिल्या वर्षी १,३०० च्या वर होता. यंदा २१३. मधल्या काळात मी रोज संध्याकाळी दहा-बारा फोन केले, बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत विचारलं, 'गमैल'चे जीमेल केले. त्यातही जपून : पत्ता आपल्या मनाने दुरुस्त करायचा नाही, माणसाला विचारूनच, नाहीतर भलत्याच्या पेटीत संघाची सूचना जाते. ज्यांचा फोनही लागत नाही आणि घरचा पत्ता आहे, त्यांना पन्नास पैशांचं पोस्टकार्ड. यंदा अशी एकशे चाळीस कार्डं मी हाताने लिहिली. सभा २१ सप्टेंबरला होती. चौदा दिवसांच्या आत नको म्हणून मेल १ तारखेला निघाले, परतलेले ४ तारखेपर्यंत कळले आणि कार्डं ५ ला पेटीत पडली. उलटा हिशेब केला की एवढे दिवस लागतातच. 'एकाच दिवशी, एकाच वेळी' मध्ये ते बसत नाहीत.

तेव्हा त्या संस्थेच्या चिटणीसांना आपल्या दैनिकामार्फत तीन गोष्टी विचारतो. मेल किती निघाले, त्यातले किती परतले, आणि परतलेल्यांची फाइल सभेआधी कोणी उघडली होती का. उत्तर 'नाही' असेल तर लाजायचं कारण नाही, आम्हीही चार वर्षं उघडली नव्हती. आमचा रांगेचा प्रोग्राम भाचीला विचारून द्यायला तयार आहे, पैसे नकोत. फक्त विषयाच्या ओळीत 'वार्षिक सर्वसाधारण सभा' लिहून आधी स्वतःलाच एक मेल पाठवून बघा.

आपला,
एक निवृत्त सॉर्टर, मिरज
(नाव छापू नये)